डबा घेऊन कान्हेरीला

कान्हेरीची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. कोणी शाळेच्या सहलीत, कोणी धम्मसहलीत. मीही आमच्या वस्तीतल्या मंडळींना घेऊन दोनदा गेलो होतो. पण दोन्ही वेळा बसमधली माणसे मोजण्यात, जेवणाची पातेली सांभाळण्यात आणि हरवलेली मुले शोधण्यातच दिवस संपला. लेणी अशी पाहिलीच नाहीत. तिसऱ्या वेळी गेलो तो माझ्या भाच्याच्या मागे. त्या दिवसाची हकीकत सांगण्यासारखी आहे, म्हणून त्याची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

माझी थोरली बहीण मालाडला, पूर्वेकडच्या टेकडीवरच्या वस्तीत राहते. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, घरात पाच माणसे. दाजी सोसायटीत वॉचमन आहेत. ताई दोन घरी पोळ्या करते. भाचा तेवीस वर्षांचा, माझ्यासारखाच बी. कॉम. झालेला. त्याच्या पाठची बहीण नर्सिंगला आहे आणि म्हाताऱ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. घरात महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार येत होता तो भाच्याचाच.

आषाढात एका रात्री ताईचा फोन आला. आवाज दबलेला होता. "दादा, पोरगा रोज सकाळी डबा घेऊन निघतो, रात्री रिकामा डबा घेऊन येतो. पण शेजारच्या बाईंनी त्याला बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटावर पाहिलं. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, तो तीन आठवड्यांपूर्वीच सोडून गेला. यांना अजून सांगितलं नाही. तू ये."

बहिणीने असे म्हटल्यावर झोप कसली लागते? मनात नाही नाही ते विचार येऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी किरकोळ रजा टाकली, भाच्याला फोन केला आणि म्हणालो, "उद्या मलाही कान्हेरीला यायचे आहे. एकट्याला रस्ता सापडत नाही." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "या मामा. साडेआठला गेटावर थांबतो. सोमवार नाही ना उद्या? सोमवारी बंद असतं." त्याला वार पाठ होते, त्यावरून मी काय समजायचे ते समजलो.

मी कल्याणला राहतो. पहाटेची गाडी पकडली, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या गाडीत चढलो. गाडीत प्रत्येकाची मान मोबाईलवर वाकलेली. खांद्याला खांदा लागलेला, पण कोणी कोणाशी बोलत नव्हते. मीही त्यांच्यातलाच एक होतो. वस्तीच्या ग्रुपवर जयंती-वर्षावासाचे निरोप टाकत होतो.

गेटापासून लेणी सहाएक किलोमीटर आत आहेत. आतल्या बसने आम्ही गेलो. पावसाने झाडे धुऊन निघाली होती. ज्या मुंबईत पाय ठेवायला जागा नाही, त्याच मुंबईच्या पोटात एवढे मोठे जंगल आहे, हे दर वेळी खरे वाटत नाही. बसमधून उतरल्याबरोबर भाच्याने माझ्या हातातली पिशवी काढून आपल्या सॅकमध्ये घातली. "माकडं पिशवी ओळखतात मामा. पहिल्या दिवशी माझा डबा गेला. उपाशी बसलो."

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीपासून कोरायला सुरुवात झाली आणि जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्खूंचा वावर होता. काळ्या कातळामुळे जुन्या काळी या डोंगराला कण्हगिरी म्हणत, त्यावरून कान्हेरी. प्रवेश केल्यावर पहिलेच लेणे अर्धवट राहिलेले आहे. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह सातवाहन काळातले. त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना तथागतांच्या वीस फुटांहून उंच उभ्या मूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळातल्या. मूर्तीपुढे उभे राहिले की मान आपोआप वर होते आणि हात आपोआप जुळतात. आम्ही वंदन केले. एरवी मी इथे मोठ्या आवाजात त्रिसरण घेतले असते. त्या दिवशी हळूच म्हटले.

पुढे ओढ्याच्या काठाने अकराव्या लेण्यात गेलो. आत दोन लांबच लांब, बुटके दगडी बाक कोरलेले आहेत. भिक्खू समोरासमोर ओळीने बसत असावेत. भाचा म्हणाला, "मामा, आमच्या ऑफिसातही अशाच दोन ओळी होत्या. फक्त मध्ये पार्टिशन होतं आणि प्रत्येकाच्या कानाला हेडफोन." एवढेच बोलून तो पुढे पायऱ्या चढू लागला.

वरच्या अंगाला लहान लहान लेणी आहेत. एक ओसरी, आत एक खोली, खोलीत झोपायला दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचे टाके. त्यांपैकी एक भाच्याचे. म्हणजे तो रोज जिथे बसे ते. ओसरीतून खाली हिरवे जंगल दिसते आणि त्याच्या पलीकडे ढगात शिरलेल्या उंच इमारती. पाऊस थांबला होता. कुठेतरी पाणी ठिबकत होते. आम्ही ओट्यावर बसलो आणि त्याने सॅकमधून दोनशे पानी वही काढून माझ्या हातात दिली. "मला बोलता येणार नाही. तुम्ही वाचा."

पहिल्याच पानावर लिहिले होते, "घरात आम्ही पाच जण. आजपर्यंत मी एक तासही एकटा राहिलेलो नाही. तरी मला एकटे वाटते. कोणाला सांगितले तर हसतील."

पुढच्या पानावर, "दिवसभर कानाला हेडफोन. रात्री तो काढला तरी कानात लोक गयावया करत असतात. ते ऐकू येऊ नये म्हणून मी मोबाईल पाहतो. रात्रीचा एक वाजतो. सकाळी विचारले तर काय पाहिले ते सांगता येणार नाही. मी झोपतही नाही आणि जागाही नसतो."

मी विचारले, "कोण गयावया करतात?"

मग तो हळूहळू बोलू लागला. त्याची नोकरी थकलेल्या कर्जाच्या वसुलीची होती. मोबाईलवरून पाच-दहा हजारांचे कर्ज घेतलेली माणसे. रिक्षावाले, भाजीवाल्या, कंपनीतून कमी केलेले कामगार. आपलीच माणसे म्हणा ना. दिवसाला किती फोन करायचे याचे टार्गेट. फोनवर खरे नाव सांगायचे नाही, ऑफिसने दिलेले नाव सांगायचे. काय बोलायचे ते कागदावर लिहून दिलेले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सूचना काढली आहे की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, कर्जदाराला किंवा त्याच्या घरच्यांना धमकावायचे नाही, त्यांची बदनामी करायची नाही. पण ती सूचना त्या ऑफिसच्या भिंतीच्या आत पोहोचलेली नव्हती.

"एक बाई होत्या मामा. सात हजार थकले होते. त्या म्हणाल्या, साहेब, मला ओरडा, पण माझ्या मुलीच्या सासरी फोन करू नका. माझ्या समोरच्या यादीत तो नंबर होता. मागे साहेब उभे होते. म्हणाले, लाव. मी लावला."

"मग?"

"मुलीच्या सासऱ्याने उचलला. मी कागदावरचं सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. त्या बाईंचा नंबर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच राहिला. माफी मागायची म्हटली तरी कुठे मागू?"

बंधू-भगिनींनो, मी वीस वर्षे भाषणे करतो. सम्यक आजीविकेवर मी किती वेळा बोललो असेन याची गणती नाही. दारू विकू नये, शस्त्रे विकू नयेत, हे आपण सांगतो. पण माझ्या बहिणीचा मुलगा रोज काय काम करून पगार आणतो, हे मी कधी विचारले नव्हते. उलट ही नोकरी लागली तेव्हा मीच पेढे वाटले होते. "एसी ऑफिस आहे, टिकव," असे मीच सांगितले होते. त्याने नोकरी सोडल्यावर घरी का सांगितले नाही, याचे अर्धे उत्तर मला तिथेच मिळाले. मला काय वाटेल याची त्याला भीती होती.

मी म्हणालो, "पण इथे येऊन काय करतोस रे दिवसभर?"

"पहिले चार-पाच दिवस काहीच नाही. फोन बंद केला की छातीत धडधडायचं. हात आपोआप खिशाकडे जायचा. मग हळूहळू कमी झालं. मग आजूबाजूला दिसायला लागलं."

काय दिसले ते वहीत होते. "डोंगरावरचे पावसाचे पाणी टाक्यात यावे म्हणून कातळात बारीक चर कोरलेली आहे. उतार इतका बरोबर आहे की आजही पाणी टाक्यातच येते. ज्याने ती कोरली त्याचे नाव कुठे नाही. त्यालाही टार्गेट असेल, मुकादम असेल. पण उतार चुकवला असता तर ते मुकादमाला कळले नसते, पाऊस पडल्यावर भिक्खूंना कळले असते. त्याने पावसाचा विचार केला. मी रोज दोनशे फोन केले, त्यातला एकही असा नव्हता की ज्याचा कोणाला उपयोग झाला."

हे वाचून मी त्याला कल्याणच्या सोनाराची गोष्ट सांगितली. कान्हेरीला ब्राह्मी लिपीतले शंभरच्या आसपास लेख आहेत. त्यांत राजांपेक्षा कामाधंद्याची माणसे जास्त. सोपाऱ्याचे, कल्याणचे व्यापारी, भिक्खुणी, गृहिणी. कल्याणच्या एका सोनाराने इथे पाण्याचे टाके खोदून दिले, तसा लेख आहे. कल्याणच्याच एका लोहाराच्या दानाचाही लेख आहे. कोणी पावसाळ्यात भिक्खूंना चीवर मिळावे म्हणून पैसे ठेवून दिले. म्हणजे हा एकांत भिक्खूंना फुकट मिळालेला नव्हता. खाली बाजारात हातोडी चालत होती, भट्टी पेटत होती, त्या घामातून ही खोली आणि हे पाणी उभे राहिले. आणि भिक्खूंनी त्या लोकांना धम्म द्यायचा, असा तो व्यवहार होता. आमच्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही बाजूंना नोंद होती. फक्त घेण्याचीच नोंद असेल तर खाते जुळत नाही.

भाचा म्हणाला, "म्हणजे मी इथे बसतोय ते चूक?"

प्रश्न सोपा नव्हता. मी जे वाचले होते ते आठवून सांगितले. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहायचे, त्याला आपण वर्षावास म्हणतो. विनयपिटकात एक कथा आहे. काही भिक्खूंनी वर्षावासात भांडण नको म्हणून ठरवले की कोणी कोणाशी बोलायचेच नाही. तीन महिने ते मुक्याने राहिले आणि मोठ्या समाधानाने तथागतांकडे आले. तथागतांनी त्यांना शाबासकी दिली नाही. जनावरांसारखे राहिलात, असे म्हणून त्यांची कानउघाडणी केली आणि नियम घालून दिला. वर्षावास संपला की भिक्खूंनी एकत्र बसायचे आणि एकमेकांना विनंती करायची की माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले असेल, शंका आली असेल, तर मला सांगा. तिला पवारणा म्हणतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हाच प्रश्न उभा केला आहे की भिक्खू निर्माण करण्यामागे तथागतांचा हेतू काय होता, एक परिपूर्ण माणूस घडवणे की लोकांची सेवा करणारा सेवक घडवणे.

"तू इथे बसलास त्यात चूक नाही," मी म्हणालो. "तीन आठवडे ताईने पहाटे उठून डबा करून दिला आणि तू तो खोट्याने घेतलास, एवढे चुकले. आता तुझी पाळी. माझे काय चुकले ते सांग."

तो गडबडला. मामाला असे कसे बोलायचे? मी आग्रह धरला. मग तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, तुम्ही घरी येता तेव्हा भाषणच करता. मला कधी काही विचारत नाही. आणि एप्रिलमध्ये तुम्ही आईला हसत हसत सांगत होतात, की जयंतीच्या गडबडीत टेबलावर फायली साठल्यात, एका विधवा बाईची पेन्शनची फाईल तीन आठवडे पडून आहे. तुम्ही ते सहज बोललात. मला ती बाई डोळ्यांसमोर आली."

खरे सांगतो, त्या दगडी ओट्यावर मला बसवेना. ती फाईल मी मेमध्ये पुढे पाठवली होती. पण त्या तीन आठवड्यांत त्या बाईंनी आमच्या ऑफिसच्या किती फेऱ्या मारल्या असतील? त्यांनी कोणाकडे हात पसरला असेल? कदाचित मोबाईलवरच पाच हजारांचे कर्ज काढले असेल. मी बाबासाहेबांच्या जयंतीचे काम करत होतो, म्हणून माझे टेबल मोकळे राहिले तरी चालेल, असे मी मनाशी धरून चाललो होतो. ज्यांनी ग्रंथालयाची वेळ संपेपर्यंत जागचे न हलता अभ्यास केला त्यांची जयंती मी काम बाजूला ठेवून साजरी करत होतो.

दुपारी आम्ही ताईचा डबा उघडला. मेथीची भाजी, चपात्या, लसणाची चटणी. तिने त्या दिवशी दोघांचा भरला होता. जेवून हात धुतले आणि वहीच्या शेवटच्या पानावर घरखर्चाचा हिशेब मांडला. एका बाजूला दाजींचा पगार, ताईचे पैसे. दुसऱ्या बाजूला भाडे, रेशन, आजीची औषधे, वीज, बहिणीची ऑगस्टमधली फी. भाच्याच्या पगाराशिवाय महिन्याला साडेनऊ हजार कमी पडत होते. आकडा कागदावर आला तसा भाच्याचा चेहरा थोडा निवळला. म्हणाला, "मला वाटत होतं सगळं घर बुडणार. हे साडेनऊ हजार आहेत." अंधारात पडलेली दोरी सापासारखी दिसते, दिवा लावला की दोरी दिसते. हिशेबाचा दिवा आम्ही फार उशिरा लावला.

चार वाजता पुन्हा पाऊस आला. चरीतून पाणी धावत येऊन टाक्यात पडू लागले. आम्ही दोघे तो आवाज ऐकत बराच वेळ काही न बोलता बसलो. तशी शांतता मी किती वर्षांत अनुभवली नव्हती. मग भिजत खाली उतरलो.

संध्याकाळी मालाडला गेलो. भाच्याने आईसमोर सगळे सांगितले, त्या बाईंच्या फोनसकट. ताई पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर डब्यात एक चपाती जास्त घातली असती. जंगलात भूक लागते." दाजी रात्री ड्यूटीवर निघताना एवढेच म्हणाले, "दुसऱ्याच्या पोरीचं सासर मोडून आणलेला पैसा आपल्या पोरीच्या फीला नको." चौथी शिकलेला माणूस, पण मला वीस वर्षांत जे नीट सांगता आले नाही ते त्याने एका वाक्यात सांगितले.

आता भाचा एका औषधाच्या दुकानात हिशेब लिहितो. पगार आधीपेक्षा पाच हजारांनी कमी आहे. बहिणीची फी दोन हप्त्यांत भरायची ठरली, पहिला हप्ता मी दिला. सरकारी परीक्षेचा फॉर्म त्याने भरला आहे. पास होईल की नाही, कोण सांगणार? तंगी संपलेली नाही. पण तो रात्री झोपतो, असे ताई सांगते. माझ्या टेबलावरची कोणतीही फाईल मी आता तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही. शनिवारी ताईकडे गेलो तर आधी विचारतो, मग बोलतो.

एक प्रश्न मात्र राहिला होता. रोज कान्हेरीला कोण जाणार? तिकीट आहे, प्रवास आहे. पाच माणसांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने शांत कुठे बसायचे? परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेब शिकत होते तेव्हा सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि मग त्याच्या जागी स्वतः आडवे होत. त्या गर्दीच्या खोलीत एका बापाने मुलासाठी रात्रीतून दोन-चार तासांचा एकांत काढून दिला होता. हे काम आपण करू शकतो.

ताईच्या वस्तीत विहार आहे. पौर्णिमेला आणि जयंतीला उघडतो, एरवी कुलूप. आम्ही कमिटीशी बोललो. आता रोज सकाळी पाच ते सात विहार उघडा असतो. लाऊडस्पीकर नाही, भाषण नाही, मोबाईल दाराशी पेटीत. ज्याला वाचायचे त्याने वाचावे, ज्याला नुसते बसायचे त्याने बसावे. पहिल्या दिवशी दोघे होते, भाचा आणि किल्ली सांभाळणारे आजोबा. आता सात-आठ मुले-मुली येतात. पोळ्यांच्या कामाला जाण्याआधी ताईसुद्धा दहा मिनिटे टेकते. म्हणते, "लग्न झाल्यापासून अशी बसलेच नव्हते."

बंधू-भगिनींनो, माझी एवढीच विनंती आहे. आपल्या वस्तीतल्या विहाराचे कुलूप सकाळी दोन तास काढा. घरातला मुलगा-मुलगी कामावरून आली की पगार किती, एवढेच विचारू नका, आज काय काम केलेस, हेही विचारा. वसुलीच्या धमक्यांचे फोन येत असतील तर घाबरून गप्प बसू नका, फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. आणि त्या बाई, ज्यांच्या मुलीच्या सासरी तो फोन गेला, त्या हे वाचत असतील तर त्यांना माझ्या भाच्याने सांगायला लावले आहे की त्याचे चुकले. त्याचे खरे नाव त्यांना कधी कळले नाही, त्यांचा पत्ता त्याला कधी कळला नाही. म्हणून माफी इथे मागितली आहे.

जय भीम.